लष्कराच्या लिलावातली जिप्सी घ्यायचीय? आधी कागद, मग चेसिस, मग बाकीचं

‘आर्मीची गाडी आहे साहेब, एकदम टकाटक.’ जुन्या फोर बाय फोरच्या बाजारात हे वाक्य रोज ऐकू येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, रोज पहाटे एखादा जवान गाडी धुतोय, वेळच्या वेळी ऑइल बदललं जातंय. तसं होतही असेल, पण लष्कर गाडी विकायला काढतं तेव्हा तिची दुरुस्ती परवडेनाशी झालेली असते किंवा तिचं ठरलेलं आयुष्य तरी संपलेलं असतं. म्हणजे तुम्ही घेताय ती दमलेली गाडी. तरीही ती घेण्यात शहाणपण असू शकतं, कारण मारुती जिप्सीचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सीटा, हूड यातलं काहीही पैसे टाकले की मिळतं. मिळत नाहीत त्या दोनच गोष्टी: खरे कागद आणि सरळ, न सडलेली चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. या दोन नीट असतील तर बाकीची गाडी कितीही खिळखिळी असली तरी चालेल. यातली एक जरी नसेल तर नवा रंग आणि रुंद टायर बघून हुरळू नका.

कोणती जिप्सी?

सुझुकीच्या जिम्नी घराण्यातली ही गाडी भारतात डिसेंबर १९८५ मध्ये आली. तेव्हा ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिन आणि पाच गिअरची ‘जिप्सी किंग’ आली, आणि २००० च्या सुमारास त्याच इंजिनाला १६ व्हॉल्व्ह आणि एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी यंत्रणा) मिळून ताकद ८० बीएचपीवर गेली. सामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१८ च्या अखेरीस थांबली.

रोज किंवा दर आठवड्याला चालवायची असेल तर एमपीएफआय किंगच घ्या. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीची मजा वेगळी आहे, पण कार्बोरेटर हाताने लावणारे मिस्त्री आता शोधावे लागतात. काही जणांना जोंगा खुणावते. जबलपूरच्या कारखान्यात निसानच्या ‘पॅट्रोल’ या मॉडेलवरून बनवलेली ती लष्करी गाडी दिसायला दणकट आहे, पण तिच्या जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाचा खर्च आणि पार्ट मिळवताना होणारी वणवण पाहता ती पहिली गाडी म्हणून घेऊ नये.

गाडी लष्करातून बाहेर कशी येते

निवृत्त झालेली लष्करी गाडी डेपोतून लिलावातच विकली जाते. हे लिलाव मुख्यतः एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. नोंदणी करायची, बयाणा भरायचा, ठरलेल्या दिवशी डेपोत जाऊन लॉट (एकत्र विक्रीला काढलेली गाडी किंवा गाड्या) पाहायचा आणि बोली लावायची. गाडी ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळते. नंतर बॅटरी नाही, चाक नाही अशी तक्रार चालत नाही. बोलीच्या वर जीएसटी आणि इतर आकार येतात. दिलेल्या मुदतीत गाडी उचलली नाही तर जागेचं भाडंही लागतं. बहुतेक गाड्या चालू नसतात, त्यामुळे टोइंगचा खर्च आधीच धरा.

लॉटच्या अटी शब्द न् शब्द वाचा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि त्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच मोडीत काढायच्या, असा केंद्राचा नियम आहे. देशाच्या संरक्षणासाठीच्या खास कामाच्या गाड्यांना त्यात सूट आहे. तुमच्या डोळ्यांसमोरचा लॉट त्यातल्या कुठल्या बाजूला बसतो ते अटींमध्येच लिहिलेलं असतं. ‘स्क्रॅप’ किंवा ‘फक्त नोंदणीकृत स्क्रॅपरसाठी’ असं असेल तर तो विषय तिथेच सोडा. ती गाडी तुमच्या नावावर कधीच पास होणार नाही, मग विकणारा दलाल काहीही सांगो.

म्हणून बहुतेकांसाठी दुसरी वाट बरी: कोणीतरी पूर्वीच लिलावातून घेऊन आरटीओत रीतसर नोंदवलेली गाडी. थोडे पैसे जास्त जातात, पण कागदाचं ओझं दुसऱ्याने वाहिलेलं असतं.

आणि एक तिसरी वाट आहे, ती म्हणजे फसवणूक. ऑनलाइन जाहिरातीत गणवेशातला फोटो, ओळखपत्र, ‘माझी बदली झालीय, गाडी अर्ध्या किमतीत देतो, लष्कराच्याच ट्रकमधून घरपोच येईल’ असा मजकूर. मग गेटपासचे पैसे, मग वाहतुकीचे, मग ‘परत मिळणारी’ अनामत. कोणताही जवान किंवा अधिकारी लष्कराची गाडी स्वतः विकू शकत नाही. स्वतःच्या नावावरची खासगी गाडी तो नक्की विकू शकतो, पण ती गाडी तुम्ही समोर उभं राहून पाहाल, आरसीवर त्याचं नाव असेल, आणि पैसे त्यानंतर द्याल. गाडी न पाहता एक रुपयाही पाठवू नका.

कागद

लष्करात असताना गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली लष्कराचा स्वतंत्र क्रमांक असतो. उभा बाण, त्यापुढे दोन आकडे, मग अक्षर आणि क्रमांक. ते दोन आकडे म्हणजे गाडी सेवेत घेतल्याचं वर्ष. गाडी सरकारच्या ताब्यातून बाहेर पडली की तिला सर्वसामान्य गाडीसारखी नोंदणी घ्यावी लागते.

थेट लिलावातून घेतली असेल तर नोंदणीचा अर्ज फॉर्म २० मध्ये, आणि त्याच्यासोबत लष्कराच्या संबंधित कार्यालयाने दिलेलं मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१. हा फॉर्म २१ म्हणजे सगळ्या व्यवहाराचा कणा. त्यावरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचं वर्ष गाडीवरच्या आकड्यांशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एखादा आकडा टायपिंगमध्ये चुकला असेल तर डेपोतून निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या, नंतर त्या एका आकड्यासाठी महिने जातात. सोबत रिलीज ऑर्डर, पैसे भरल्याच्या पावत्या, विमा आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. आरटीओ विक्रीची खातरजमा डेपोकडून पत्राने करून घेऊ शकतं, त्यामुळे घाईचं काम धरू नका. बोली लावण्याआधीच आपल्या आरटीओत जाऊन ‘एक्स-आर्मी गाडीला काय काय लागेल’ हे विचारून या. एजंटाला नव्हे, खिडकीवर.

आधी नोंदलेली गाडी घेत असाल तर एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका आणि दोन तारखा शेजारी ठेवा: उत्पादनाची आणि नोंदणीची. खरोखर लष्करातून आलेल्या गाडीत या दोन तारखांमध्ये काही वर्षांचं अंतर दिसतं. समजा, २००६ ची गाडी आणि नोंदणी २०१७ ची. दोन्ही एकाच वर्षातल्या असतील तर ती कधी लष्करात नव्हतीच, विकणारा फक्त हिरव्या रंगाचे पैसे मागतोय. यात गैर काही नाही, कदाचित ती गाडी जास्त चांगलीही असेल. पण किंमत त्या हिशेबाने करा.

आता चेसिस नंबर. पुढच्या उजव्या चाकाजवळ चेसिसच्या पट्टीवर तो ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने चिखल काढा, टॉर्च तिरपी धरून आकडे बघा आणि कागद ठेवून पेन्सिलने त्यांचा ठसा घ्या. आकड्यांची उंची सारखी आहे का, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासलाय का, तेवढ्याच भागावर जाड रंग आहे का, ते पाहा. मेलेल्या खासगी जिप्सीची आरसी ठेवायची आणि भंगारात निघालेल्या लष्करी चेसिसवर तिचा नंबर ठोकायचा, हा या धंद्यातला जुना उद्योग आहे. असली गाडी पुढे पकडली गेली तर ती जाते आणि चौकशीला तुम्ही जाता.

दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथलं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाड्यांच्या वयावरच्या नियमांमुळे दिल्लीकडच्या बऱ्याच जुन्या पेट्रोल गाड्या महाराष्ट्रात येतात. त्या स्वस्त दिसतात, पण इथला रोड टॅक्स, नवा नंबर, १५ वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर आणि फेरनोंदणीची तपासणी धरली की स्वस्ताई बरीच विरघळते.

गाडीखाली झोपा

दलाल बोनेट उघडून इंजिन दाखवतो. तुम्ही सतरंजी घेऊन गाडीखाली जा. सोबत टॉर्च आणि छोटी हातोडी हवी.

सुरुवात मागून करा. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ज्या कड्यांना लटकतात तिथे आणि मागच्या चाकांच्या वर चेसिसमध्ये पाणी-चिखल साठतो. हातोडीने हलके ठोके मारत पुढे या. धड लोखंड टणकन वाजतं, सडलेलं बोदं वाजतं आणि पापुद्रे पडतात. जाड काळं कोटिंग ताजं ताजं मारलेलं दिसलं तर संशय घ्या, तिथे जास्त ठोका. बॉडी चेसिसवर ज्या रबरांवर बसते त्या जागा, पायाखालचा पत्रा, पुढच्या काचेच्या चौकटीचा खालचा भाग, मागच्या फाळक्याची कड या ठिकाणी गंज ठरलेला. पत्रा सडला असेल तर घाबरू नका, तो कापून नवा लावता येतो. चेसिसच्या पट्टीला वेल्डिंगचा आडवा सांधा दिसला तर मात्र उठून हात झटका आणि चहा पिऊन घरी या.

जिप्सीची एक खासियत इथेच दिसते. तिचा ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा डबा, गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो आणि मध्ये एक छोटा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा फिरता दांडा) असतो. म्हणजे गाडीत एकूण तीन प्रोपेलर. प्रत्येक शाफ्ट हाताने धरून पिळा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, ‘टक’ असं जाणवलं तर क्रॉस गेलाय, तो स्वस्तात बदलतो. ट्रान्सफर केस हाताने हलवून पाहा. माउंटिंगचं रबर फाटलेलं असेल तर गाडी ठराविक वेगात थरथरते आणि लोक उगाच गिअरबॉक्स खोलत बसतात.

मग पुढचा ॲक्सल. चाकामागे गोल वाटीसारखा भाग दिसतो, त्याचं सील गेलं की तिथून ग्रीस आणि ऑइल मिसळलेला काळा चिखल गळतो. जिप्सी चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग वेड्यासारखं थडथडताना अनुभवलेलं असतं. त्यामागे बहुतेक वेळा किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचे) बेअरिंग, टाय रॉडचे एंड किंवा चाकांचं बॅलन्सिंग असतं. तपासायला पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावरही खेळ उरला तर दोष किंगपिनचा, थांबला तर चाकाच्या बेअरिंगचा.

चाक जॅकवर आहेच तर फोर बाय फोरही तपासा. मागच्या चाकांना दगडांची अडण लावा, इंजिन बंद, गिअर टाकलेला, दुसरं पुढचं चाक जमिनीवर. पुढच्या चाकांच्या मध्यावर हबची चकती (चाक ॲक्सलला जोडणारी-सोडणारी) असेल तर ती ‘फ्री’वर ठेवा. उचललेलं चाक मोकळं फिरलं पाहिजे. आता दोन्ही हब ‘लॉक’ करा, ट्रान्सफरचा दांडा ४एचवर (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) घ्या आणि तेच चाक फिरवायला जा. थोडासा खेळ सोडला तर ते अडलं पाहिजे. अडलं नाही तर हब, ॲक्सल किंवा ट्रान्सफर यांपैकी काहीतरी गेलंय. काही गाड्यांत फ्री हब काढून साधी झाकणं बसवलेली असतात, त्यात चाक नेहमीच ॲक्सलशी जोडलेलं राहतं. तो दोष नव्हे.

इंजिनासाठी एकच आग्रह: गाडी थंड असताना पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर तेही काहीतरी सांगतं. पहिल्या स्टार्टला निळा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाची साय, यातलं काही असेल तर इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा. हे इंजिन मारुतीच्या इतर गाड्यांच्या कुळातलं आहे, त्यामुळे त्याचं काम करणारे मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतात.

चालवताना पहिल्या फेरीत गाण्याची सिस्टीम बंद ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला ॲक्सिलेटर सोडल्यावर गिअर निसटतो का? ४एलला (चारही चाकांना ताकद, कमी वेग पण जास्त जोर) चढावर दांडा उडून बाहेर येतो का? स्टिअरिंगला थोडा मोकळा खेळ असणारच, या गाडीला तो जन्मापासून आहे. पण खेळ बोटभर असावा, वीतभर नसावा.

लष्करी गाडीत एक वेगळी डोकेदुखी असते ती वायरिंगची. ब्लॅकआउटचे (अंधारात लपून चालण्यासाठीचे मंद) दिवे, मागे खाली लावलेला कॉन्व्हॉय दिवा आणि त्यांची बटणं काढताना कोणीतरी वायरी नुसत्या कापून टेप गुंडाळलेली असते. फ्यूज वारंवार उडत असेल तर शोध तिथून सुरू करा.

किंमत आणि रंग

खरेदीला जितके पैसे ठेवले असतील त्याच्या किमान निम्मे वेगळे काढून ठेवा, ते पहिल्या वर्षात लागणारच. जुने पार्ट मुंबईत कुर्ल्याला आणि दिल्लीत मायापुरीला मिळतात. पाटे, क्रॉस आणि हबचे भाग जुने चालतील. ब्रेकचे आणि स्टिअरिंगचे भाग नवेच घ्या.

घरी आणल्यावर पहिलं काम रंगाचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच वापरता येतो. नागरी गाडीला तो चालत नाही, मग ती मूळची लष्कराची का असेना. बाण, युनिटच्या खुणा, पाट्या सगळं काढा. रंग बदलाल तो आरसीवरही चढवून घ्या. पुढे लोखंडी गार्ड बसवू नका, त्यावर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. ट्रॅक्टरसारखे टायर आणि हातभर उचललेलं सस्पेन्शन यांचे फोटो छान येतात, पण पासिंगला गाडी परत येते. शिवाय मूळच्या २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्सवर ही हजार किलोची गाडी जिथे जाते तिथे जाण्याचं धाडस बहुतेक चालकांना होत नाही.

पहिली सर्व्हिस

पाच ठिकाणचं ऑइल बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल. ट्रान्सफर केस वेगळा असल्याने त्याचं ऑइलही वेगळं. बहुतेक गॅरेजमध्ये नेमकं तेच विसरलं जातं, तेव्हा समोर उभे राहा. प्रत्येक ठिकाणचं निघालेलं ऑइल स्वतंत्र भांड्यात घ्या आणि त्यातून चुंबक फिरवा. बारीक पिठासारखी लोखंडी भुकटी चालेल, तुकडे आले तर ते युनिट खोलावं लागेल. टायमिंग बेल्ट, सगळे होज पाइप, ब्रेक ऑइल आणि चाकांचे सिलिंडर न विचारता बदला. जुना बेल्ट कधीचा आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. प्रोपेलरच्या क्रॉसना ग्रीसचे निपल असतील तर ग्रीसगन मारा आणि पावसाळ्यात हे वारंवार करा.

चालवताना

कोरड्या डांबरी रस्त्यावर ४एच लावू नका. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वेगातला फरक सोसणारी सोय या गाडीत नाही, त्यामुळे वळणावर पूर्ण यंत्रणा पिळली जाते आणि दांडा अडकून बसतो. अडकलाच तर सरळ थोडं मागे घ्या, सुटतो. चिखल, वाळू, सुटे दगड लागण्याआधी थांबून खाली उतरा, दोन्ही हब लॉक करा. रुतल्यावर चिखलात वाकून हब फिरवण्यात मजा नाही. ४एलला गाडी पूर्ण थांबवूनच न्या. या इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमला आहे, त्यामुळे खडी चढण दुसऱ्या गिअरला रेटण्यापेक्षा ४एलमध्ये सावकाश चढा. उतरतानाही ४एल, पहिला गिअर आणि पाय क्लचपासून लांब.

ओढा ओलांडताना चाकाच्या मध्यापर्यंत पाणी आलं असेल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं ऑइल बघा. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आत पाणी ओढून घेतो. ऑइल दुधाळ झालं असेल तर तेव्हाच बदला. सह्याद्रीतल्या सड्यांवर, कासच्या पठारासारख्या जागी आणि कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी घालू नका. सड्यावरचा मातीचा थर काही इंचांचा असतो आणि चाकांच्या दोन चरांमधून तो पुढच्या पावसात वाहून जातो. चिखलात खेळायचं असेल तर कुणाचं तरी शेत परवानगीने मिळवा किंवा ऑफरोडसाठी आखलेला ट्रॅक गाठा.

हायवेवर ही गाडी ऐंशीच्या आत सुखी असते. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्यांना धड आधार नाही. लांबच्या प्रवासाला पोरांना मागे बसवायचं की दुसरी गाडी काढायची, हे घरी आधीच ठरवा. टाकी ४० लिटरची आहे आणि पेट्रोल दहा-अकराच्या हिशेबाने जातं, त्यामुळे चारशे किलोमीटरच्या आत पंप गाठायचा.